डाव्या कोपऱ्याची खाच

१७ एप्रिल

कपाटाचा जुना हिरवा रंग अजून पुरता निघाला नाही. जाड पॉलिशपेपर मागितला तर मालेगावच्या दुकानदाराने बारीक बांधून दिला. वर म्हणतो, "काका, समदा एकच राह्यते." एकच कसा असेल? ज्याला एवढे कळत नाही त्याने दुकान कशाला मांडावे!

मंजुषाने आज पुन्हा बजावले — "आखाजीले पाहुणे जेवाले येतीन. तोवर झालं नाही तं हे गोठ्यात, अन् घरात लोखंडी." बाबांनी हौसेने करून घेतलेले अस्सल सागवान, गोठ्यात! बायको असे बोलते. मी कोणाकडे शिकलो नाही, पण या घराची सारी दारे, साऱ्या खिडक्या मीच रंगवल्या. एक फुगवटा दाखवावा कोणी.

१९ एप्रिल

खाचा-भेगा बुजवायला लांबीचा लगदा भरला. डाव्या कोपऱ्यावर, हात टेकतो त्या उंचीला, जुना टवका उडालेला होता. चांगली बोटभर खोल खाच. भरली, घासली, मन भरेना, पुन्हा भरली. आता नख फिरवले तरी अडत नाही. मंजुषा म्हणाली, "एवढं ध्यान तं तुमी माह्या कंबरदुखीकडं नाही देलं."

कपाट जागचे हलवले नाही. बाबांच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंतची भिंत त्यानेच व्यापली आहे. हलवले तर सांधे सुटतील.

२१ एप्रिल

पहिला हात मारला. हस्तिदंती. सुंदर.

२२ एप्रिल

ओल्या रंगावर बोटे! कडेकडेने ओढत नेलेली, आणि डाव्या कोपऱ्यावर अख्खा पंजा. मंजुषाने दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरले — "पाहा, हाये काय रंग? घ्या ना वास." शेजारच्या हेमसिंगला बोलावून दाखवले. मांजर असेल, म्हटले. तो म्हणाला, "भाऊ, मांजरीले आंगठा नसते." आणि माझ्याच घरचा चहा पीत हसत बसला.

२४ एप्रिल

सगळे घासून पुन्हा हात मारला. बाबा खाटेवरून म्हणतात, "इंद्रभान, हिरवा रंग खुलला बरं आता."

"बाबा, हस्तिदंती हाये."

"हो, तोच म्हनलो."

या घरात रंगाची कदर कोणालाच नाही.

२५ एप्रिल

पुन्हा बोटे. तीच जागा.

२७ एप्रिल

काल परत रंगवले आणि कपाटापुढे खुर्च्या आडव्या लावून ठेवल्या. पहाटे धाडकन आवाज. बाबा खुर्चीसकट पडले होते. गुडघा सोलला. मी ओरडलो — एवढ्या मोठ्या खुर्च्या दिसत नाही काय तुमाले? उठवायला गेलो तर त्यांनी माझा हात झटकला. खुर्चीच्या पाठीने रंगावर ओरखडा काढला तो वेगळाच.

२९ एप्रिल

काल शेवटचा हात मारला. खुर्च्या लावल्या नाहीत. हा उद्योग कोणाचा ते पाहायचेच म्हणून उजाडताच मागच्या दारात जाऊन उभा राहिलो.

बाबा खोलीतून निघाले. बोटे कपाटाच्या कडेवर, सरकवत सरकवत. डाव्या कोपऱ्याशी थांबले. हात वर नेला, खाली आणला, पुन्हा वर. मी भरलेली जागा चाचपत होते. तिथून वळायचे की पुढे जायचे, कळेना त्यांना. मी अगदी समोर, उजेडात उभा.

"कोन हाये? मंजुषा?"

हात धरून बसवले. बोटांना हस्तिदंती रंग. घरात सर्वांचे हात तपासले, हेच राहिले होते.

"कवापासून, बाबा?"

"तुरी निंघाल्या तवापासून. आता उजेड-अंधार तेवढा समजते."

"सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू मले मागच्या मळ्यात जाऊ देलं असतं काय? खाटेवर बसवून ठेवलं असतं." मग हात कपाटाकडे करून, "त्या खाचीवर हात पडला का दार आलं म्हून समजे. कुठं गेली रे ते?"

३० एप्रिल, आखाजी (अक्षय तृतीया)

वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरकडे परवा जायचे आहे.

पाहुणे येण्याआधी पटाशी घेतली आणि कोपऱ्यातली लांबी उकरली. मंजुषाने खाली पडलेला चुरा सुपलीत भरला. खाच पूर्वीएवढी झाली का, म्हणून बाबांचे बोट तीत ठेवून पाहिले.

"अजून थोडी," म्हणाले.

अजून थोडी उकरली.