गाठ माझी, परवानगी माझी

मंगळवार, ४ तारीख
माझ्या अंगाला हात लावायची परवानगी माझा मुलगा देतो! न्हाताना छातीत गाठ हाताला लागली, हे मी त्याच्यापुढे बोलून गेले, तीच चूक. ह्यानं लगेच बायकोला सांगितलं, "आईला जरा बघून घे." सून इस्पितळात नर्स आहे म्हणून काय झालं? दार ढकलून आत आली. म्हटलं, "आल्या पावली परत जा." मग कडी लावली.

बुधवार, ५
सुनेशी अबोला. भाजी खारट झाली होती. अबोल्यामुळे तेही सांगता आलं नाही.

गुरुवार, ६
नात कंप्युटरचं शिकते. सकाळपासून कपाळाला हात लावून बसलेली. म्हणाली, "आजी, प्रोग्रॅममधला क्लास म्हणजे घर समज, आणि फंक्शन म्हणजे त्या घरात चालणारं काम. ह्या घरातलं खासगी सामान त्या घरातल्या एकाच कामाला दिसायला हवं. मशीन नाहीच म्हणतंय."

दुपारी चूक सापडली. परवानगी तिनं बघणाऱ्याच्या घरात लिहिली होती. ती ज्याचं सामान त्यानंच द्यायची असते म्हणे.

"म्हणजे बापावरच गेलीस," म्हटलं. "मग आता सगळं घर उघडं पडलं?"

"नाही गं. नाव घेऊन एकाच कामाला परवानगी. त्या घरातल्या बाकीच्यांना काही दिसत नाही. पण तिथे कोणतं काम चालतं, ते आधी माहीत हवं. नाहीतर परवानगी देणार कुणाला?"

पोरगी बोलून गेली. मी बसले विचार करत.

शुक्रवार, ७
सून इतकी वर्षं कामाला जाते, पण तिथे करते काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. बायकांना तपासायच्या खोलीत असते. आधी हात गरम पाण्यात धुते. म्हणाली, "गार हात लागला की बायका दचकतात, आई."

शनिवार, ८
सुनेला मीच बोलावलं. "फक्त गाठ बघायची. माझ्या कपाटाबद्दल, पसाऱ्याबद्दल एक अक्षर नको."
"बरं."
हात खरंच गरम होते. म्हणाली, "हलतेय. साधी असेल असं वाटतं, पण तपासून घेऊ." कपाटाकडे बघितलंसुद्धा नाही.

मंगळवार, ११
इस्पितळात सुई घालून गाठीचा तुकडा काढला. दुखलं. मुलगा दारातून विचारतो, "काय म्हणाले?" म्हटलं, "तुला परवानगी नाही."

शुक्रवार, १४
आज इस्पितळातून फोन यायचाय. मुलानं हात लावायचा नाही, नातीनंही नाही. सुनेनंच उचलायचा. कडी काढून ठेवली आहे. जे काही असेल, तिनं दार ढकलून आत यायचं आणि सांगायचं.