झिजवलेल्या टेबलाची दुरुस्ती

आकुर्डी, गुरुवार

तीर्थरूप दाजी,

हिंदुरावचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईची शुगर? (जिलेबीचं तिला विचारू नका, ती खरं सांगत नाही.) इकडे सगळे ठणठणीत आहेत, एक टेबल सोडून.

त्याचं असं झालं. आमच्या सूनबाईनं, पूनमनं, माणच्या आयटी कंपनीतली नोकरी सोडून जुन्या फर्निचरला रंग देण्याचा धंदा काढला. पहिलीच ऑर्डर सांगवीच्या विजयश्री मॅडमची, एक सागवानी टेबल. हे मनासारखं झालं तर पुढची कामं, नाहीतर पुन्हा माणची बस. पोरगी जीव ओतून राबत होती. रविवारी टेबल द्यायचं आणि शुक्रवारी ती सामान आणायला गेली असताना मी गच्चीवर गेलो. बघतो तर काय, छान निळा रंग, आणि कडांना पार खरवडलेला! खालचं लाकूड दिसतंय! दाजी, चाकणच्या मोटारींच्या कारखान्यात पेंट शॉपचा तपासनीस म्हणून माझा जन्म गेला. दारावर केसाएवढा ओरखडा दिसला तरी मी गाडी परत फिरवायचो (मॅनेजरसुद्धा मला टरकून असायचे). मला वाटलं, आमच्या पोरानं, कुलदीपनं, जिन्यातून चढवताना घासलं आणि बायकोच्या धाकानं गप्प बसलाय. पोराचा संसार वाचवायला मी कंबर कसली. ओरखड्यांत लांबी भरली, पॉलिश पेपर मारला, जुन्या दोस्ताची स्प्रे गन आणून रंग मारला, वर लॅकर. टेबल असं चकाकलं की शेजारच्या दौलतरावांनी त्यात बघून भांग पाडला.

पूनम आली, टेबल बघितलं आणि रडकुंडीलाच आली. "मामा, ते घासलं गेलं नव्हतं, मी मुद्दाम घासलं होतं. मॅडमना तसंच, वर्षानुवर्षं वापरल्यासारखं हवंय!" मग मीच पेपर घेऊन बसलो. (स्वतःच्या हातानं ओरखडे, दाजी! हात उठेना.) शेवटी फूटपट्टी लावून सारख्या अंतरावर काढले, तर रडवेली पोरगी हसायलाच लागली. "असं मापात झिजतं का कुठं?" उपायही तिनंच काढला. सगळ्यांना त्या टेबलावर जेवायला बसवलं. कुणाचं कोपर कुठं टेकतं, ताट कुठून सरकतं ते मी खडूनं आखलं आणि नंतर तेवढंच तिनं घासलं. (आमची सौ. शालन कोपर टेकून इतकी बोलली की डाव्या कडेला पेपर लावावाच लागला नाही.) पूनम कंपनीत असताना आम्ही चौघं असे एकत्र कधी जेवलो ते मला आठवत नाही. फार बरं वाटलं. ही पोरगी धंद्यात उभी राहणार, असंही त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मॅडमनी कडेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "भरल्या घरातलं वाटतंय." टेबल गेलं.

तुमचा,
हिंदुराव

ता. क. मॅडमना आता तसंच एक कपाट हवंय. तुमच्या ओसरीवरचं कपाट कसं आहे? आपलं सहज विचारलं.

आणखी एक ता. क. सहज नाही विचारलं. हे पत्र घेऊन आलेला कुलदीप टेम्पोसकट दारात उभा आहे. ताईला आतलं सामान काढायला सांगा, आणि त्याला चहा कपाट चढवून झाल्यावरच द्या.