झरोका संध्याकाळी बुजवू नये

प्रिय वर्षा,

तुझ्या सासूबाईंना, मंगलाबाईंना सांग, वाघूळ माणसाचं रक्त पितं म्हणणाऱ्याने तुमच्या गोठ्यातलं वाघूळ कधी धड पाहिलेलंच नाही. आमच्या जावईबापूंनी, किरणरावांनी मोबाइलवर नाव शोधलं म्हणे, फॉल्स व्हॅम्पायर. एवढे इंजिनियर, पण दोन शब्दांतला पहिला वाचायचा कंटाळा! घरभर फॉल्स सीलिंग ठोकून घेतलं तेव्हा बरा कळला होता अर्थ.

आपल्या डिंडोलीच्या बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये मी हे लांबकाने वर्षानुवर्षं बघतोय. पुस्तकं मागाहून वाचली. बहुतेक बरोबर निघाली. कान डोक्याहून मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले. शेपूट नाही. लहानपणी तू म्हणायचीस, अप्पा, ससा उलटा टांगलाय. जमिनीलगत उडत ते पाचोळ्यातली उंदराची खसफस ऐकतं आणि झडप घालतं. बेडूक, पाली, नाकतोडे टांगल्या जागी आणून खातं, उरलंसुरलं खाली पडतं. मंगलाबाई त्याला करणी म्हणतात आणि लिंबू उतरवतात. बेडकाच्या तंगडीवरून लिंबू! केरसुणी फिरवायला काय हात झिजतात?

आता तुमच्या घरची थोर युक्ती. रविवारी संध्याकाळी सगळी बाहेर पडली की गोठ्याचा झरोका सिमेंटने बुजवायचा. सगळी म्हणजे कोण? वैशाख चालू आहे, पिल्लांचे दिवस. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू. पहिले काही आठवडे ती त्याला पोटाशी घेऊनच उडते. जड झालं की आत टांगून शिकारीला जाते, खाऊन परत येते. अशा वेळी झरोका बुजवला तर आई बाहेर, पिल्लू आत. यात कळायला अवघड काय आहे? पण त्या घरात विचार करायचं काम फॉल्स सीलिंगच्या वरच राहिलेलं दिसतं.

फोन केला की मंगलाबाई स्पीकर लावायला लावतात, म्हणून हे पत्र तारामावशीच्या हाती, पापडाच्या डब्यातून. तिनेच सांगितलं. बँकेत पुन्हा रुजू होणार म्हणालीस, तेव्हापासून तिकडे फार गोड बोलणं चाललंय. थकलीस गं, महिनाभर माहेरी जा, बाळ राहील आमच्याजवळ. आणि तू हो म्हणालीस! सशाला वाघूळ म्हणायला मी तुला शिकवलं, पण एवढ्या गोड आवाजाला काय म्हणायचं ते शिकवायचं राहिलं की काय?

झरोका कधी बुजवतात ते वर लिहिलंय, पुन्हा वाच. एकटी उंबरा ओलांडू नकोस. रविवारी दुपारी, ऊन असतानाच, शेजारच्या दगाची रिक्षा घेऊन मी तुमच्या कामरेजला येतोय. आधी गोठ्यापाशी सिमेंटचं काय ते बघतो, मग तुमच्या दाराशी उभा राहतो. कपडे राहिले तर राहू देत. बाळाला पोटाशी बांधून बाहेर ये. अजून ते जड झालेलं नाही.

रविवारपर्यंत तुझाच, आणि पुढे तुम्हा दोघांचा,
अप्पा