घरी सक्षम स्त्री उपलब्ध

दि. ११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू गेल्यापासून घर सुनं सुनं वाटतंय असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर आधी दोन दिवस शांतता मनसोक्त उपभोगली. आठ दिवस तुझी बडबड ऐकून कान किटले होते. आईंचं मात्र तसं नाही. झटका येऊन वर्ष झालं, डावी बाजू अजून तशीच आहे, शब्द एकेक करून ओढून आणावे लागतात. पण तुझं नाव दिवसातून चारदा बरोब्बर येतं.

आता वाईट बातमी. दिवसा आईंजवळ बसायला सरकारी मदतनीस मिळावी म्हणून आपण अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. तू इथे असताना कार्यालयाकडून त्या तपासनीसबाई येऊन गेल्या ना, त्यांनी शेरा लिहिलाय: घरी सक्षम स्त्री उपलब्ध. तीनदा वाचला. मग लक्षात आलं की ती सक्षम स्त्री म्हणजे मीच. शेजारच्या काकू वर्षभर बसल्या, आता त्यांचेच गुडघे त्यांना उठू देत नाहीत.

तुझ्या दादाशी बोलले. तो फार हळवा झाला. म्हणाला, तू ठरवशील ते मला मान्य. म्हणजे काय ठरणार हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याच्या नोकरीचा विषय त्याने काढला नाही आणि मीही नाही. सतरा वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या, शुक्रवारी एप्रन धुऊन परत दिला. लॅबच्या मालकीणबाई चांगल्या आहेत. माझी खुर्ची ऑगस्टअखेरपर्यंत राखून ठेवणार आहेत, तोवर मी शिकवलेली मुलगी तिथे बसेल. त्यानंतर ती कायमची.

बाई आल्या तेव्हा तू घरात होतीस हे किती बरं झालं. नाहीतर आम्ही दोघं कामावर, घरचं कुणी नाही म्हणून त्या परतच गेल्या असत्या. जावईबापूंना नमस्कार. पत्र लिही, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वहिनी


दि. २ मार्च

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून दोन आठवडे झाले. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा कागद फाडला. इकडे स्टुडिओत फार गर्दी आहे, ओळखपत्रांच्या फोटोंचे दिवस आहेत. सकाळपासून लोकांच्या हनुवट्या वर-खाली करून मनगटं दुखतात.

नियमच असले मेले. आपण काय करणार? तुला जरा विश्रांती मिळेल असंही एकदा मनात येऊन गेलं, रागावू नकोस. सतरा वर्षं सतत खाली मान घालून बसायचीस, मानेचं दुखणं तरी कमी होईल.

सोबत आईसाठी पुढून बटणांचा गाऊन पाठवतेय, घालायला-काढायला तुला सोपा जाईल. तुझ्यासाठी चपला आहेत, मऊ आहेत. आणखी काय हवं ते निःसंकोच कळव, वहिनी. काहीही कळव. दादाला सा. न.

कायम तुझ्या मायेची भुकेली,
भिंगरी


दि. १९ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं तिसरं पार्सल पोचलं. लग्न झाल्यापासून तू माहेरी साधं बटणसुद्धा पाठवलं नव्हतंस, आता महिन्याला खोकं येतं. तुझ्या नवऱ्याला लॉटरी लागली की काय?

आई बऱ्या आहेत. पाठीला जखम होऊ दिलेली नाही, डॉक्टरांनीसुद्धा नावाजलं. माझं म्हणशील तर मी कंटाळलेय. हे लिहितानासुद्धा लाज वाटते, कारण आई समोर पडून आहेत आणि त्यांना माझ्या तोंडावरून सगळं कळतं. परवा मीटर वाचायला माणूस आला होता. तो बोलत होता आणि मी त्याच्या पुढच्या दातांकडे बघत होते. बिचारा तोंडावर हात ठेवून निघून गेला.

एकदा लॅबमध्ये डोकावून आले. त्या मुलीने एका आजोबांच्या कवळीचे सगळे दात पट्टी लावल्यासारखे सरळ बसवले होते. मला राहवलं नाही. तिला सांगितलं की असे दात कुणाला नसतात, खोटे आहेत हे लांबून कळेल. दात बसवायचं मेण जरासं गरम करून एक दात किंचित तिरका केला. हाताला इतकं बरं वाटलं की घरी येईपर्यंत रडू आवरत होते. घरी आले तर आईंना पाणी हवं होतं आणि त्या अर्धा तास वाट बघत होत्या. स्वतःचीच लाज वाटली.

मुद्द्याचं लिहिते. जुलैअखेरपर्यंत फेरतपासणी मागता येते. कार्यालयात जाऊन आले. तिथल्या कारकुनाने फाईल उघडून वाचून दाखवलं की सुनेची नोकरी हौसेची आहे असं घरच्यांनीच सांगितलंय. तुझा दादा म्हणतो, तो तर तपासनीसबाईंना भेटलाच नाही. आईंना एवढं लांब वाक्य जमत नाही. मी काही विचारत नाहीये, भिंगरी. पण त्या दिवशी तू खोलीत होतीस. आठवत असेल तर लिही.

माझा जीव तुझ्यावर आहेच, हे वेगळं सांगायला नको.

तुझी,
वहिनी


दि. २७ जून

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

ते वाक्य माझं आहे.

आता सगळं लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा धीर होणार नाही. बाई येणार असं सकाळी कळलं आणि माझी धांदल उडाली. परकी बाई येऊन आपल्या आईला तशी पडलेली बघणार, हे मला सोसेना. म्हणून मी स्टुडिओत करते तेच केलं. आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, पाठीमागे दोन उशा लावल्या, डावा हात शालीखाली घेतला, तोंडाची चांगली बाजू उजेडाकडे वळवली. दहा वर्षं माणसांना बसवतेय मी. आई इतकी छान दिसत होती की बाई म्हणाल्या, यांना काय झालंय? आणि मी फुशारून गेले.

मग त्यांनी विचारलं की घरात यांचं करू शकेल अशी बाई कोण आहे. मी म्हटलं, वहिनी आहे ना. त्या म्हणाल्या, त्यांना नोकरी आहे म्हणून लिहिलंय. तेव्हा मी म्हटलं की तिची नोकरी काय, हौसेची. आमच्याकडे आईला परक्यांच्या हातात कोण देईल, असंही म्हटलं. आई ऐकत होती. माझ्याकडे बघत होती.

का म्हटलं ते मला कळत नाही. तुझ्यावर माझा राग नव्हता. घरची शोभा नको, एवढंच डोक्यात होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं की हे माझ्या वाक्याने झालंय. पार्सलं त्यामुळेच.

गेल्या महिन्यात ह्यांना म्हटलं की आईला सहा महिने आपल्याकडे आणू. ह्यांनी विचारलं, मग तुझ्या स्टुडिओचं काय? मी विषय बदलला. वहिनी, तुझी नोकरी सोडायला मला एक वाक्य पुरलं, आणि माझी सोडायचं म्हटल्यावर जीव वर आला. मी आणते म्हणाले नाही. अजूनही म्हणत नाहीये, खोटं कशाला लिहू?

सोबत सही केलेला जबाब आहे. मी खोटं सांगितलं असं स्पष्ट लिहिलंय. या वेळी आई जशी आहे तशी त्यांना दिसू दे. तू मला काय वाटेल ते बोल, फक्त लिहिणं थांबवू नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. २९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दोन महिने मुद्दामच लिहिलं नाही. हौसेची, हा शब्द मी भांडी घासताना, चादरी पिळताना शंभर वेळा म्हणून पाहिला. राग आहे. ओसरेल, पण आज आहे. तू माझ्या पाठच्या बहिणीसारखी, म्हणून जास्त आहे.

तुझा जबाब जोडला. फेरतपासणीला मागच्याच बाई आल्या. तुझ्या दादाने रजा घेतली होती, तो दाराशी उभा होता. बाईंनी जबाब वाचला आणि म्हणाल्या की हे ठीक आहे, पण सूनबाईंनी आता नोकरी सोडलेली आहे, म्हणजे आता तर खरोखरच सक्षम स्त्री घरी आहे. नोकरी असती तर विचार करता आला असता. मी हसले, भिंगरी. रडायला हवं होतं तिथे हसले. खोली स्वच्छ, चादर स्वच्छ, आईंच्या अंगावर तू पाठवलेला गाऊन. बाईंनी पेन उघडलं.

तेव्हा आई बोलल्या. उजवा हात माझ्याकडे करून, शब्द जुळवत म्हणाल्या की ही माझ्याकडे बघत नाही. बाईंनी पुन्हा विचारलं. आईंनी पुन्हा तेच सांगितलं, उपाशी ठेवते, हेही जोडलं. मी तुझ्या दादाकडे बघितलं की तो काहीतरी म्हणेल. तो जमिनीकडे बघत होता.

मदतनीस मंजूर झाली. आदेशात आहे, सुनेकडून रुग्णाची हेळसांड. खाली वरील मजकूर मान्य असं लिहून मी सही करायची होती, त्याशिवाय मदतनीस पाठवत नाहीत. मी सही केली. माझी खुर्ची वाचवायला आईंनी आपल्या तोंडाने मला वाईट ठरवलं आणि मी ते मान्य केलं. परवापासून कामावर जाईन. आनंद व्हायला हवा; मला मात्र आईंचं काहीतरी चोरून नेत असल्यासारखं वाटतंय. नात्यात कुणाच्या हाती हा कागद लागला तर खरं काय ते तू सांगशील, हे मात्र मी हक्काने मागते.

आदेश तुझ्या दादाने काल संध्याकाळी वाचला. घडी घातली, पुन्हा उघडला, मग मला हळू आवाजात विचारलं की मी दिवसा आईला खरंच उपाशी ठेवत होते का. आईंनी पलंगावरून ऐकलं होतं. एकेक शब्द ओढून आणत त्या त्याला म्हणाल्या की दीड वर्ष तू याच घरात होतास ना.

राग ओसरला की आपणहून लिहीन, तोवर तुझी माया राखून ठेव.

तुझी,
वहिनी