भिंतीला हात लावायचा नाही

१४ जून

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. थोरला आहे म्हणून लिहिले, मनापासून आलेत असं समजू नकोस. इकडे सगळं ठीक. बाबांचं वजन उतरलं. तुला हेच हवं होतं ना? पँट आता कमरेला दोरी बांधून घालतात.

मी पंधरा दिवस बाहेरगावी शाळा रंगवायला गेलो, तेवढ्यात तू आलीस आणि स्वयंपाकघर निळं करून गेलीस. निळ्याने भूक मरते, असं कुठेसं वाचलंस म्हणे. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं, तर माणसाला समजवायचं सोडून तू भिंत रंगवलीस. तेही परका रंगारी आणून! रंगाऱ्याच्या घरात! रंगाचा दुकानदार अजून मला बघून दात काढतो. आणि काम तरी कसलं, पहिला हात वाळायच्या आत दुसरा फासलेला.

बाबांचं जेवण मात्र खरंच तुटलं. टेबलाशी बसून दोनदा वाढून घेणारा माणूस "भूक नाही रे" म्हणत खोलीतच बसायला लागला. तिथे नेलेलं ताट अर्धं परत यायचं. तुझा उद्धार करत मी पिवळा मारला. काही फरक नाही. मग नारिंगी. हॉटेलवाले माझ्याकडून तोच मारून घेतात, गिऱ्हाईक भराभर खातं आणि उठतं. बाबा मुळात बसायलाच येईनात.

परवा डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी गमतीने विचारलं, "काय आजोबा, नवा रंग आवडला नाही वाटतं?"

"बदललाय होय?" बाबा म्हणाले. "मला वाटलं, हा नुसताच डबे वाजवतोय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. वर्ष-दोन वर्षं तरी झाली असावीत. तेव्हा तुझा निळा निर्दोष सुटला, खूश हो. पण तूही आठ दिवस त्यांचा हात धरून फिरत होतीस, तुला तरी कुठे कळलं?

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. परतलो त्या दिवशी ओल्या निळ्यावर दारापासून टेबलापर्यंत, कमरेच्या उंचीवर, बोटं उठली होती. राग तुझा, निघाला त्यांच्यावर. "लहान आहात का? भिंतीला हात लावायचा नाही!" असं शेजारी ऐकतील इतकं ओरडलो. पिवळा मारताना पुन्हा तेच बजावलं, नारिंगीलाही तेच. भिंत धरल्याशिवाय त्यांना टेबल गाठता येत नव्हतं, आणि ते एका शब्दाने बोलले नाहीत. तीस वर्षं भिंती बघतोय मी. ते ठसे चाचपडणाऱ्या माणसाचे आहेत हे मला कळायला हवं होतं. लाज वाटते.

आता म्हणतो, "बाबा, रंग वाळलाय, खुशाल धरा." तर दोन्ही हात खिशात घालून दारातच उभे राहतात. "नको रे, खराब होईल."

अंगात ताकद आल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तू ये. रंगाचा विषय काढलास तर दारातूनच परत पाठवीन. पण त्यांना हाताला धरून टेबलाशी आण. माझा हात ते धरत नाहीत.

तुझ्यावर अजूनही चिडलेला,
दादा