धाकटीचा भरवसा

४ मार्च

धाकटी आज पुन्हा गचकली! बटण दाबलं — अंधार. तळहातावर एक आपटली तेव्हा कुठे डोळे उघडले. अशी बॅटरी खिशात असून नसल्यासारखीच.

हेल्मेटवरचा मोठा दिवा म्हणजे थोरली, आणि खिशातली ही बोटभर बॅटरी म्हणजे धाकटी. नावं ह्यांनी पाडलेली. आम्ही दोघं एकाच खात्यात होतो — पिण्याच्या पाण्याचा बोगदा रिकामा झाला की आत उतरायचं, भेगा शोधायच्या, खडूनं खुणा करायच्या. थोरली विझली तर धाकटीनं बाहेर आणायचं. घरात दोन सुना आल्यावर मात्र आम्ही ही नावं बोगद्यातच ठेवून यायला लागलो. उगाच कुणीतरी मनाला लावून घ्यायचं!

आता हे कुठलंच नाव घेत नाहीत. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवा हात आणि जीभ, दोघंही संपावर.

६ मार्च

थोरल्या सुनेची बदली पक्की. महिनाअखेरीस ती आणि थोरला जाणार. ह्यांचं खाणंपिणं, गोळ्या, कूस बदलणं — दिवसभराचं सगळं तीच बघते, म्हणून तर मी कामावर जाऊ शकते. आता उरली धाकटी सून. धाकटा सदा फिरतीवर.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्यासारखी नजर दुसरी नाही माझ्याकडे. पण राहणार की सोडणार, एवढं महिनाअखेरीपर्यंत सांगा."

सोडायचं? की धाकटीच्या हाती ह्यांना सोपवायचं? ती दूध गॅसवर ठेवून शिवणयंत्राशी जाऊन बसते. दाराला किल्ली तशीच. हाक मारली की आधी दचकते, मग हसते.

७ मार्च

बॅटरीचे सेल बदलले. बरी वाटली. जेवणाच्या सुट्टीत लावून बघितली, बसमध्ये बघितली, घरी आल्यावर दोनदा.

१० मार्च

बादलीत बुडवून ठेवली. धाकटी सून डोकावली — "आई, बॅटरीला आंघोळ?" मी नुसतं हं केलं. बाहेर काढली, पेटली. टेबलावरून पाडली, पेटली. तरी मन मानेना. आज पेटली म्हणजे उद्या पेटेल असं थोडंच आहे!

सुनेचंही तेच. सवय व्हावी म्हणून ह्यांचं आतापासूनच तिच्याकडे दिलंय. आज मुद्दाम ह्यांच्या दुपारच्या गोळ्या सकाळच्या कप्प्यात घालून गेले. (थोरलीला सांगून ठेवलं होतं.) धाकटीनं ओळखलं, बदलून दिल्या. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं काय, तर आज थोरली शेजारी होती म्हणून लक्ष राहिलं असेल.

१३ मार्च

कामावरून तीनदा फोन केला. "गोळी दिली?" दिली. "पाणी?" दिलं. "कूस?" "आई, आत्ताच तर विचारलंत!" आवाज चढलेला वाटला. लक्षात ठेवायला हवं.

१७ मार्च

पुन्हा मान टाकली! नवे सेल, तरी दहा दिवसांत काजव्याएवढा उजेड. फार चिडले. आल्या आल्या स्वयंपाकघरातूनच खात्याच्या स्टोअरवाल्याला फोन लावला आणि चांगलं झापलं.

१८ मार्च

धाकटी बोलत नाही. कामं करते सगळी, पण खाली मान घालून. विचारलं तर "काही नाही." बरंय. आम्हीही नाही विचारत.

२० मार्च

शी! काय करून बसले मी!

धाकटा फिरतीवरून आला तो थेट माझ्यासमोर उभा. चेहरा लाल. "आई, तू हिला चापट कधी मारलीस?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं. "चापट? कुणाला?"

"हिनं स्वतः ऐकलंय. फोनवर म्हणत होतीस — थोरली गेली तर दुसरी मिळेल, पण ही धाकटी ऐन वेळी मान टाकते, चापट मारल्याशिवाय डोळे उघडत नाही. परत न्या आणि दुसरी द्या! आई, कुणाला करत होतीस हा फोन? हिच्या माहेरी?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा अशी हसत सुटले की तो आणखीच भडकला. शेवटी बॅटरी आणून दाखवली, थोरली-धाकटीची सगळी कथा सांगितली. धाकट्यानं कपाळावर हात मारला. थोरली तर पोट धरून हसली — "म्हणजे मी गेले तरी दुसरी मिळते होय!"

धाकटीही हसली. मग ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, "पण आई, मला एकदाही वाटलं नाही की हे दुसऱ्या कुणाबद्दल असेल. तुम्ही बघताच माझ्याकडे तसं. सारखं बटण दाबल्यासारखं."

मी ताट उचलून आत गेले.

२१ मार्च

सकाळपासून तेच डोक्यात. सारखं बटण दाबल्यासारखं.

बॅटरी उघडली. स्प्रिंग घट्ट, बटण ठीक, पाण्याचा थेंब नाही. मग सेल बसले कशानं? मीच बसवले! कामाला एकदाही लागली नाही ती. माझ्या परीक्षा देता देताच दमली बिचारी. इतकी वर्षं या कामात काढली आणि एवढं लक्षात येऊ नये!

ताजे सेल घातले, खिशात टाकली. आता हात लावणार नाही.

२३ मार्च

हात शिवशिवतो. बॅटरीसाठीही आणि फोनसाठीही. आज घरी एकच फोन केला, तोही "भाजी काय आणू" म्हणून. धाकटीच म्हणाली, "आई, बाबांच्या गोळीचं नाही विचारलंत?" म्हटलं, नाही.

२६ मार्च

बोगद्यात शिडी उतरताना हेल्मेट लोखंडाला आपटलं आणि थोरली गेली. ठार अंधार. जोडीदार पुढे निघून गेलेला, नुसता त्याच्या बुटांचा आवाज. खिशात हात घातला, बटण दाबलं.

पेटली. पहिल्याच दाबाला.

उजेड तो केवढासा! भिंतीवरची भेग काही दिसेना. पायाखालची पायरी मात्र दिसत होती. मी इतके दिवस तिला थोरलीच्या मापानं मोजत होते. तिनं भेगा शोधायच्याच नव्हत्या, मला बाहेर आणायचं होतं. आणलं.

२८ मार्च

थोरली गेली. स्टेशनवर गळ्यात पडून रडली. म्हणाली, "आई, धाकटी करेल हो नीट." मी मान हलवली.

मान हलवणं सोपं. बॅटरी विझली तर फार तर मी ठेचकाळेन. इथे ह्यांना घास अडकला तर? आणि मी जमिनीखाली, फोन न लागणाऱ्या जागी. साहेबांनी परत विचारलं. म्हटलं, दोन दिवस रजा द्या, घरी बसून बघते.

२९ मार्च

दिवसभर घरी. धाकटी ह्यांना भरवताना एकटीच बडबडत होती. कापड कसं उसवलं, सुई कशी मोडली, गिऱ्हाईक बाई कशी जाड झाली आणि दोष हिच्या मापाला! मला वाटलं, ऐकून कोण घेतंय. हे बोलत नाहीत म्हणून मीही ह्यांच्याशी बोलायचं कधी सोडलं, कळलंच नाही.

३० मार्च

हे बोलले!

धाकटी बाजारात गेली होती, घरात आम्ही दोघंच. मी उशी सारखी करत होते. ओठ हलले, आवाज घोगरा, पण स्पष्ट — "धाकटी."

माझं काळीज सुपाएवढं झालं. इतक्या दिवसांनी पहिला शब्द, आणि तो आमच्या बोगद्यातला! धावत गेले, खुंटीवरच्या कामाच्या कोटाच्या खिशातून बॅटरी काढली, ह्यांच्या डाव्या हातात ठेवली, वर बोटं मिटून दिली.

ह्यांनी बोटं उघडली. बॅटरी चादरीवर ठेवली. आणि दाराकडे बघत म्हणाले, "धाकटी. कुठंय?"