तीन नंबरचा पिस्टन

मी, खाली सही करणारी, वय वर्षं त्र्याहत्तर, धंदा इंजिन जुळवण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. हात कापतो असं कोणी म्हटलं, तर त्याने हे अक्षर पाहावं.

१. वर्कशॉप, त्यामागच्या दोन खोल्या, सगळी हत्यारं आणि माझा वजनकाटा मी माझ्या सुनेला देत आहे. माझ्या मुलाचा आणि तिचा घटस्फोट झाला आहे, हे मला ठाऊक आहे; वकिलांनीही पुन्हा पुन्हा आठवण करून दिली. कागदावर ती आता माझी कोणी नाही. म्हणूनच तर हा कागद करावा लागतोय.

लग्न त्या दोघांनी आपलं आपणच जुळवलं होतं, तेव्हा दोष माझ्या काट्याला देऊ नये. मोडलं तेव्हा मुलगा आधीच घर सोडून गेला होता आणि ही ट्रंक भरून दारात उभी राहिली. मी म्हटलं, "जायचं तर जा गं, पण टेबलावर चार पिस्टन पडलेत. तेवढे करून जा." ती बसली. त्याला आता बरीच वर्षं झाली.

२. तिलाच का, हे मुलाला कळावं म्हणून आमच्या कामाची रीत सांगते. इंजिन पुन्हा बांधताना सगळे पिस्टन सारख्या वजनाचे लागतात, नाहीतर गाडी थरथरते. पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारी गजन पिन असते, तिचंही वजन कमीजास्त भरतं. म्हणून आधी जड पिस्टनला हलकी पिन लावून पाहायची. तरी फरक राहिला, तर जड पिस्टनचा धातू आतून थोडाथोडा उतरवायचा. सगळ्यात हलका असतो त्याला मात्र हात लावायचा नाही. बाकीच्यांनी त्याच्यापर्यंत यायचं. बाळा, तुझ्याकडे घर आहे, नोकरी आहे, नवा संसार आहे. तिच्याकडे ती ट्रंक आहे. तुला कमी दिलं म्हणजे तू कमी लाडका, असं मनात आणू नकोस. तुझा फोन आला की मला अजून भूक लागते.

३. बँकेतली शिल्लक आणि तुझ्या वडिलांचं घड्याळ तुझं. घड्याळ मागे पडतं, ह्यांच्यासारखंच. दुरुस्त करू नकोस.

४. हे गेल्यावर धाकटे दीर चारचौघांत म्हणाले होते, "बाईच्या हातचं इंजिन, थरथरणारच!" त्यांना माझं पितळी फुलपात्र. काठोकाठ पाणी भरून आमच्या कोणत्याही चालू इंजिनावर ठेवावं आणि सांडायची वाट पाहत बसावं.

५. कोपऱ्यावरच्या पार्टवाल्याने दोन वेगळ्या सेटचे पिस्टन एका खोक्यात घालून आमच्या गळ्यात मारले होते. त्याला काहीही नाही. माझ्या मागे चहासुद्धा नाही.

६. सूनबाई, हे तुला. परवा पिना धुताना तू म्हणालीस, "आई, तुम्ही आहात तोवर मी आहे. नंतर मला इथं कोण विचारतंय?" मी ऐकू न आल्याचं सोंग केलं, कारण तोंडी उत्तराने भागणार नव्हतं. उत्तर हे आहे. यापुढे दार तुझं. कोणाला आत घ्यायचं ते तू ठरवायचं. विकावंसं वाटलं तर वीक, जावंसं वाटलं तर खुशाल जा, मी रुसणार नाही. फक्त कोणी घालवलं म्हणून जाऊ नकोस. मला मुलगी नव्हती. तू आलीस आणि ती उणीव राहिली नाही.

ठिकाण: वर्कशॉपमागची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार, दुपार.

सही: सूनबाईची आई

साक्षीदार:
१. शेजारचे लेथवाले, ज्यांना सगळे 'मायक्रॉन' म्हणतात. सही करताना डोळे पुसत होते. म्हणाले, धूळ गेली.
२. डॉक्टरीणबाई. मी शुद्धीत असल्याची खात्री त्यांनीच केली.

ता. क. सह्या झाल्यावर लिहिलेलं कायदा धरत नाही म्हणे. न धरो. सूनबाई, टेबलावर डॉक्टरीणबाईंच्या गाडीचे चार पिस्टन आहेत. एक, दोन आणि चार नंबरचे जुळवून ठेवलेत. तीन नंबरचा अजून दोन ग्रॅम जड आहे. वेळ होता, हातही चालत होता, तरी मुद्दाम ठेवलाय. जायचं तर जा गं, पण तेवढा करून जा.